नकाशावरची रेघ किती रुंद?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशोदेशींच्या सरहद्दींवर काम करणाऱ्या चित्रकारांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे आणि छायाचित्रेही नेमकी निवडली आहेत. एका वाक्याशी मात्र आमचे जमत नाही. विदर्भासारख्या देशाच्या पोटातल्या मुलखाने हा विषय लांबूनच पाहायचा, असा त्या वाक्याचा सूर आहे. इथे धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणापायी बापाने चढलेल्या तहसिलीच्या पायऱ्या लेकही चढतो. दरसाल नांगराचा एक तास (चर) शेजाऱ्याच्या वावरात सरकवला की दहा वर्षांत काय होते, हे इथे पोरासोरांना ठाऊक असते. त्यांना हा विषय लांबचा कसा?

लांबचा वाटतो, त्याला शाळांतून ज्या पद्धतीने तो काढून घेतला जातो ती पद्धत कारण आहे. 'सीमेवर' असा विषय दिला की शंभर मुले तीच काटेरी तार, तोच जवान आणि तेच पांढरे कबूतर काढतात. जवानाविषयी आदर असावाच. पण त्या चित्रात सरहद्द कुठली, ती कोणत्या जमिनीवरून जाते, कुणी आखली, तिची रुंदी किती, यातले काहीच नसते. जगात या विषयावर जी कामे टिकली, त्यांतल्या बहुतेकांत चित्रकाराने आधी मोजमाप केले आहे. ते मोजमाप खेड्यातल्या शाळेत कसे करता येईल आणि कुठे फसते, हे सांगण्यासाठी हे पत्र. थोडे लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

सुरुवात जेरुसलेमच्या रेघेपासून करू. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल या सेनाधिकाऱ्यांनी युद्धबंदीच्या वेळी १:२०,००० प्रमाणाच्या नकाशावर मेणाच्या जाड पेन्सिलींनी आपापल्या फौजांच्या रेघा ओढल्या. एक रेघ हिरवी होती, दुसरी लाल. दोन्ही ३ ते ४ मिलिमीटर जाड होत्या. आता त्रैराशिक मांडा. १:२०,००० वर ३ मिमी म्हणजे जमिनीवर ६० मीटर आणि ४ मिमी म्हणजे ८० मीटर. त्या जाडीखाली घरे आणि गल्ल्या आल्या. त्या नेमक्या कुणाच्या, हा वाद पेन्सिलीच्या जाडीतून निघाला. बेल्जियममध्ये जन्मलेले आणि मेक्सिकोत राहणारे चित्रकार फ्रान्सिस आलिस यांनी २००४ मध्ये तळाला भोक पाडलेला हिरव्या रंगाचा डबा हातात धरून त्या जुन्या रेघेच्या वाटेने २४ किलोमीटरची चाल केली. ५८ लिटर रंग लागला, म्हणजे मीटरमागे सुमारे २.४ मिलिलिटर, अर्धा चमचा. नकाशावर ८० मीटर रुंद असलेली रेघ रस्त्यावर बोटभर झाली.

हे काम शाळेच्या मैदानावर, पांदणीने किंवा नदीकाठाने सहज करता येते, फक्त गणित आधी करावे. डब्यातल्या पाण्याची उंची २० सेंमी आणि भोक २ मिमीचे असेल, तर सेकंदाला साधारण पावणेचार मिली पाणी पडते. मुलगा सेकंदाला एक मीटर चालला, तर मीटरला तेवढेच. पाणी ५ सेंमीवर आले की धार निम्मी होते, कारण धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतो. म्हणून रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी केसासारखी बारीक दिसते. वीस सेंमी उंचीचा पाच लिटरचा डबा धार निम्मी होईपर्यंत साडेतेराशे मीटर जातो, तिथे तो पुन्हा भरून घ्यावा. ऑइलपेंट वापरू नये. तो महाग पडतो आणि मातीत मुरतो ते वेगळेच. गेरू फडक्यातून दोनदा गाळून घ्यावा, नाहीतर शंभर पावलांवर भोक बुजते. गेरू तळाशी बसतो म्हणून थोडा डिंक घालावा आणि डबा मधूनमधून हलवावा. मैदान आखायची फक्की सोपी वाटते, पण एप्रिल-मे महिन्यांत काळ्या जमिनीला भेगा पडल्या की फक्की त्यांत गडप होते. सलग रेघ हवी असेल तर पाण्यातला रंगच घ्यावा.

यानंतर मुलांच्या हातात गावनकाशा द्यावा. त्यावर छापलेले प्रमाण आधी वाचायला लावावे. जुन्या मध्य प्रांताच्या भागात मैलाला १६ इंच, म्हणजे १:३,९६०, हे प्रमाण आढळते. त्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरच्या पेनाने ओढलेली रेघ जमिनीवर १.९८ मीटर, म्हणजे साडेसहा फूट भरते. धुरा ६६० फूट लांब असेल, तर त्या एका रेघेखाली जवळपास चार गुंठे जमीन झाकली जाते. प्रमाण १:७,९२० असेल, तर आठ गुंठे. भूमी अभिलेखचा मोजणीदार नकाशावर पट्टी न ठेवता टिपणातले (मोजणीच्या नोंदीतले) आकडे का पाहतो, हे मुलांना इथेच कळते.

२०२१ मध्ये बेल्जियममधल्या एर्केलिन गावाजवळ एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या आड येतो म्हणून एक दगड २.२९ मीटर फ्रान्सच्या बाजूला सरकवला. दगडावर १८१९ हे साल कोरलेले होते. तो दोन देशांच्या हद्दीचा होता, म्हणून बेल्जियम तेवढ्याने वाढले आणि जगभर हशा झाला. २.२९ मीटर म्हणजे आपल्या गावनकाशावरच्या पेनाच्या रेघेहून किंचितच जास्त. आपल्याकडे असल्या दगडावरून हशा होत नाही, डोकी फुटतात.

आता लाकडावरच्या कोरीव छापाबद्दल. खेड्यातल्या शाळेला सगळ्यांत परवडणारे काम हेच आहे. झरीना हाश्मी १९३७ मध्ये अलीगढला जन्मल्या. तिथल्याच विद्यापीठात गणित शिकल्या आणि २०२० मध्ये लंडनला वारल्या. २००१ च्या 'डिव्हायडिंग लाइन' या त्यांच्या छापात फाळणीची रेघ आहे, दुसरे काहीच नाही. गावांची नावे नाहीत आणि देशांचीही नाहीत. रेघ ठेवून भोवतीचे लाकूड काढून टाकले आहे आणि खोदकामाचे बारीक ओरखडे कागदावर तसेच उतरले आहेत. ज्या रेघेसाठी सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले आणि जी १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, जाहीर झाली, ती त्या कागदावर भाजलेल्या जमिनीतून गेलेल्या भेगेसारखी दिसते.

हे करायला बारा इंच बाय नऊ इंचांचा १२ मिमीचा प्लायवूड किंवा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा पुरतो. सागवान आपल्याकडे मिळते म्हणून घेऊ नये. त्याच्या नसा उघड्या असतात, आडवे कोरताना ढलपी निघते आणि नेमकी रेघच तुटते. नकाशाची रेघ ट्रेसिंग पेपरवर उतरवून तो पेपर उलटा ठेवायचा आणि कार्बनने फळीवर छापायचा. उलटा ठेवायला विसरलात तर छापात पंजाबचा पूर्वपश्चिम उलटतो. दर वर्गात दोनतीन फळ्या अशा वाया जातात. रेघ निदान २ मिमी रुंद ठेवावी, एमडीएफवर त्याहून बारीक रेघेच्या कडा भुगा होऊन गळतात. कोरण्याआधी लाखेच्या पॉलिशचा एक हात दिला की कडा धरून राहतात. व्ही आकाराच्या पटाशीने रेघेच्या दोन्ही बाजूंना बाहेर उतरता काप द्यावा. पटाशी आत वळून रेघेची मुळे पोखरली गेली, तर चौथ्या-पाचव्या छापाला रेघ उखडते. शेतकऱ्याच्या पोराला हे पटकन समजते. धुऱ्याची बूड दोन्हीकडून कोरली की पहिल्या पावसात तो बसतो, तसेच हे.

शाई तालुक्याच्या छापखान्यातून ऑफसेटची काळी आणावी, पाव किलोत दोनशेवर छाप निघतात. काचेवर रोलर फिरवताना बारीक चरचर आवाज यायला लागला की थर बरोबर झाला. आवाज चिकट, 'चपचप' आला तर शाई जास्त आहे आणि ती खोदलेल्या जागेत भरणार. यंत्र नसले तरी अडत नाही. कागद ठेवून जेवणाच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासावे. हातकागद किंचित ओलसर हवा. विदर्भाच्या उन्हाळ्यात ओला कागद दहा मिनिटांत कोरडा होतो, म्हणून तो ओल्या वर्तमानपत्रांच्या घडीत घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि सकाळी नऊच्या आत छपाई उरकावी. शेवटी फळी आधी गोडेतेलाच्या फडक्याने पुसावी, मग साबणाने.

वर्धेच्या आसपासच्या शाळांना आम्ही सुताचे काम अधिक सुचवू. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी '१:१४.९' या कामात ७९.५ मैल धाग्याचा हाताने गुंडाळलेला गोळा काचेच्या पेटीत ठेवला आहे. पश्चिम आणि वायव्य सरहद्दीवरचे ११८८.५ मैलांचे कुंपण, त्याला १४.९ ने भागले की जवळपास ही लांबी येते. प्रमाण हेच त्या कामाचे नाव. आपल्याकडे खादी भंडारात सुताची गुंडी मिळते आणि खादीची मेट्रिक गुंडी बरोबर १,००० मीटरची असते. तेव्हा १:१,००० प्रमाण घ्यावे म्हणजे गणित तोंडी होते. केंद्रीय गृह खात्याच्या आकड्यांप्रमाणे बांगलादेशाशी ४,०९६.७ किमी, चीनशी ३,४८८, पाकिस्तानशी ३,३२३, नेपाळशी १,७५१, म्यानमारशी १,६४३, भूतानशी ६९९ आणि अफगाणिस्तानशी १०६ अशी आपली जमिनीवरची सीमा १५,१०६.७ किमी आहे. म्हणजे पंधरा गुंड्या आणि वर १०७ मीटर. ३३ नंबरी सुताची गुंडी ३० ग्रॅमच्या आसपास भरते. सगळ्या देशाची जमिनीवरची सरहद्द तराजूत टाकली तर अर्धा किलोसुद्धा होत नाही आणि गोळा होतो सोललेल्या नारळाएवढा. पाकिस्तानची सीमा तीन गुंड्या आणि एक तृतीयांश, अफगाणिस्तानची १०६ मीटर, म्हणजे शाळेच्या मैदानाच्या लांबीएवढी. मुलांना नकाशात जे कळत नाही ते हातात कळते.

इथे फसगत होते ती गुंडी सरळ हातावरून उलगडायला घेतल्यावर. दहा मिनिटांत असा गुंता होतो की अर्धे सूत फेकावे लागते. गुंडी आधी फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या फिरत्या चौकटीवर) चढवावी. फाळक्याचा घेर एक मीटर असला की फेरे मोजले तरी लांबी कळते. सूत तुटले तर गाठ मारावी आणि गाठीत गेलेले दीड-दोन इंच धरून पुढे मोजावे. आतला गोळा फार ताणून गुंडाळला तर वरचे वेढे घसरतात. एका मुलाने मिनिटाला तीस मीटर गुंडाळले तरी आठ तासांवर काम आहे, म्हणून देशागणिक गट करावेत आणि गुंड्या गडद, फिक्या रंगवून घ्याव्यात. रंग गुंडाळायच्या आधी द्यायचा. गोळा झाल्यावर रंग आत पोहोचत नाही.

खांबांविषयी. मार्कोस रामिरेझ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१४ मध्ये मेक्सिको आणि अमेरिका यांची १८२१ सालची सीमा पत्र्याचे ४७ स्तंभ उभे करून आखली. ती सीमा १८१९ च्या तहात कागदावर ठरली होती, पण जमिनीवर तिची खूण कधीच झाली नव्हती, आणि १८४८ मध्ये मेक्सिकोचा मुलूख गेल्यावर ती कागदावरूनही पुसली गेली. टेलर यांनी त्याआधी आजच्या सीमेवरच्या २७६ जुन्या स्तंभांची एकेक करून छायाचित्रे काढली होती.

आमच्या भागात अशी पुसलेली सरहद्द उशाशी आहे. १८०३ च्या देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला आणि नदी दोन राज्यांची सीमा झाली. आजही ती अमरावती-वर्धा आणि यवतमाळ-वर्धा या जिल्ह्यांची हद्द आहे. दोन्ही काठांच्या शाळांनी मिळून समोरासमोर पत्र्याचे खांब उभे केले तर जिल्हा परिषदेला फारसा खर्च येणार नाही. अट एवढीच की काळ्या जमिनीत खांब नुसता गाडू नये. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात मीटरभर फाटते. दीड फुटावर गाडलेला खांब पहिल्याच पावसाळ्यात तिरपा होतो, वरून सिमेंट ओतले तरी होतो, कारण सिमेंटसकट सगळा गोळाच वर उचलला जातो. दोन फूट लांबरुंद आणि तीन फूट खोल खड्डा घ्यावा, काळी माती पूर्ण काढावी, तळाला आणि भोवती मुरूम थर देऊन ठासावा आणि मग खांबाची सळई त्यात बसवावी. पत्रा २६ गेजचा आणि उंची चार फूट ठेवावी. ढोरे अंग घासतात म्हणून कडा आत मुडपाव्यात. आणि कुणाच्याही धुऱ्यावरच्या खऱ्या हद्दीच्या दगडाला हात लावू नये. हद्दीच्या खुणा मोडणे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार दंडनीय आहे.

नदी ही सरहद्द म्हणून बेभरवशाची, हेही चित्रात यावे. १८६४ च्या पुरानंतर रिओ ग्रांदे दक्षिणेकडे सरकली आणि एल पासोजवळचा चामिझालचा तुकडा अमेरिकेच्या बाजूला गेला. तो वाद १९६३ च्या करारापर्यंत चालला, आणि शेवटी नदीलाच काँक्रीटच्या पाटात बसवले. कच्छमधल्या ९६ किलोमीटरच्या सर खाडीत भारत प्रवाहाच्या मध्याची रेघ मानतो आणि पाकिस्तान पूर्वेकडच्या काठाची. उंच डोंगरातही तेच. इटली आणि ऑस्ट्रिया यांची सीमा पाणलोटाच्या रेघेवरून जाते. पाणलोट हा शब्द आपल्याकडे ग्रामसभेतल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. बर्फ वितळला की पाणलोटाची रेघ हलते, म्हणून त्या दोन देशांनी 'हलती सीमा' मान्य केली आहे. इटलीतल्या एका गटाने हिमनदीवर जीपीएस यंत्रे बसवून, २०१४ च्या व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात ती हलणारी रेघ प्रेक्षकांसमोर यंत्राकडून कागदावर काढून घेतली. आपल्या मुलांनी तेवढे करायची गरज नाही. वर्धेचे पात्र कार्तिकात आणि मे महिन्यात, दोन वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर एकाच प्रमाणात काढावे आणि एकावर एक ठेवावे. मधली रेघ कुठून कुठे गेली, रेतीचे ढीग कुठे वाढले आणि डोह कुठे भरले, ते दिसते.

मेक्सिको-अमेरिका सीमेवरच्या भिंतीतून आरपार घातलेल्या गुलाबी सी-सॉंचे छायाचित्र आपण मोठे छापले. रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेलो यांचे ते काम २८ जुलै २०१९ रोजी जेमतेम वीस मिनिटे चालले. पण ते उभे कसे राहिले, हे लेखात नव्हते. त्या भिंतीत पोलादी खांबांमध्ये फटी आहेत. त्यांतून दांडा सरकवला आणि टेकू भिंतीचाच घेतला. भिंत सलग सिमेंटची असती तर ते काम सुचलेच नसते. अशा कामाचे वर्णन करताना जोडणीच्या दोन ओळी दिल्या तर आमच्यासारख्यांना त्यांचा उपयोग होतो.

शिक्षकांसाठी एक सावधगिरी. देशाची बाह्यरेषा शाळेत हाताने 'अंदाजे' काढू नये. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला, तर १९६१ च्या फौजदारी सुधारणा कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदर्शनाच्या पत्रिकेवर आणि फेसबुकवर टाकलेल्या चित्रालाही हे लागू पडेल असे धरून चालावे. सर्व्हेचा नकाशा संकेतस्थळावर मिळतो, तोच घेऊन त्यावर काम करावे. जम्मू-काश्मीर आणि लडाखची पूर्ण बाह्यरेषा दाखवूनच नियंत्रण रेषेसारखे तपशील वेगळ्या रंगात द्यावेत.

राहता राहिले आपल्या दैनिकाकडे मागणे. आपण बातमीसोबत भारताचा नकाशा छापता, तो साधारण १६ सेंटिमीटर उंच असतो. देशाची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे, म्हणजे प्रमाण १:२ कोटींच्या आसपास आले. त्यावर सीमेची लाल रेघ १ मिमी जाड असते, म्हणजे जमिनीवर २० किलोमीटर. आर्वीपासून निघून वर्धा नदी ओलांडून पार पलीकडच्या गावांपर्यंतचा सगळा पट्टा त्या एका रेघेत बुडाला असता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातल्या ज्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात, ती तुमच्या राज्याच्या नकाशातही अशाच एखाद्या रेघेखाली असतात. यापुढे प्रत्येक नकाशाखाली प्रमाणपट्टी छापावी आणि शेजारी 'या नकाशावर रेघेची जाडी म्हणजे इतके किलोमीटर' एवढे सात शब्द द्यावेत. जागा अर्ध्या ओळीची लागेल. आमच्या वर्गांना नकाशावाचनाचा एक तास फुकटात मिळेल.

आपले,
वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरचे काही कलाशिक्षक
(आर्वी आणि धामणगाव रेल्वे परिसर)